मोहरीचा झणका येतो कुठून?

मसाल्याच्या डब्यातले मोहरीचे चार दाणे तोंडात टाका आणि न चावता पाण्याबरोबर गिळा. काय लागलं? काही नाही. मूठभर मोहरी नाकाशी धरा. वास? जवळजवळ नाहीच. आता आणखी चार दाणे घ्या आणि या वेळी दाढेखाली नीट चिरडा. आधी जरा कडवट, तेलकट लागतं. मग दोन-तीन सेकंद जातात आणि काहीतरी जिभेला वळसा घालून थेट नाकाच्या मुळाशी जाऊन बसतं. डोळ्यांत पाणी येतं.

हा झणका दोन सेकंदांपूर्वी कुठे होता?

दाण्यात होता, असंच कुणीही म्हणेल. पण दाण्यात तो नव्हता! अख्ख्या मोहरीत झणका नसतोच. तो तुमच्या दाढेखाली, त्या क्षणी, नव्याने तयार झाला. तुम्ही दाणा फोडला नसता तर तो कधी जन्मालाच आला नसता.

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य असतं. ब्युसी नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ते काळ्या मोहरीतून वेगळं काढलं. साखरेचा एक तुकडा आणि त्याला जोडलेले गंधक, नत्र वगैरे, अशी त्याची घडण. एकटं असेल तर हे द्रव्य निरुपद्रवी, फार तर कडवट. त्याच दाण्यात, पण वेगळ्या पेशींत, मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. तेही एकटं असेल तर अगदी गरीब. दोघांच्या मध्ये पेशींच्या भिंती आणि पडदे. एम-सीलच्या पाकिटात दोन वेगळ्या रंगांच्या कांड्या येतात ना, ड्रॉवरमध्ये कितीही दिवस पडल्या तरी मऊच्या मऊ आणि एकत्र मळल्या की दगड? मोहरीने हीच युक्ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या दाण्यात बसवली आहे. दाणा फुटला, पडदे फाटले, थोडं पाणी मिळालं, की विकर सिनिग्रिनमधली साखर कापून टाकतं. उरलेला तुकडा स्वतःला सावरू शकत नाही. तो लगेच मोडून नव्याने जुळतो आणि त्यातून निघतं अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट. नाव लांबलचक आहे, पण तुमच्या नाकाची त्याच्याशी जुनी ओळख आहे.

शास्त्रज्ञ या व्यवस्थेला चक्क ‘मस्टर्ड ऑइल बॉम्ब’ म्हणतात. शब्द भडक वाटेल, पण वनस्पतीच्या बाजूने पाहिलं तर अगदी चपखल आहे. जहाल विष स्वतःच्या अंगात साठवून ठेवायचं तर आधी आपल्यालाच इजा व्हायची. मोहरी ते साठवतच नाही. ती फक्त साहित्य तयार ठेवते आणि मिसळण्याचं काम शत्रूच्या दातांवर सोपवते. जो चावेल त्याच्याच तोंडात, तो चावेल तेव्हाच. आणि एका जागी चावा घेतला म्हणून सगळं रोप पेटत नाही, चिरडलेल्या पेशींपुरताच स्फोट होतो.

बरं, हा झणका नाकातच का चढतो? मिरची तर जिभेवरच जाळते. मिरचीतलं कॅप्सायसिन सहजासहजी उडत नाही, जिथे पडलं तिथेच बसून आग पेटवतं. मोहरीतलं हे द्रव्य मात्र उडून जाणारं आहे. तोंडाच्या उबेने त्याची वाफ होते आणि घशाच्या मागच्या वाटेने ती नाकात शिरते. तिथल्या मज्जातंतूंवर टीआरपीए१ नावाची एक अतिसूक्ष्म झडप असते, आणि तिचं कामच मुळी इजा करणाऱ्या रसायनांची वर्दी मेंदूला देणं. मोहरीतलं द्रव्य नेमकी हीच झडप उघडतं, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवून दिलं. ज्युलियस यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं, ते मुख्यतः मिरचीची झडप शोधल्याबद्दल. म्हणजे काटेकोर बोलायचं तर मोहरीचा झणका ही चव नव्हेच. ती वेदना आहे. आणि आपण ती जेवताना मुद्दाम ओढवून घेतो, वर मिटक्या मारतो!

आता हे सगळं डोक्यात ठेवून आपल्या स्वयंपाकघरात शिरा. काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावायची असेल तर घरातली जाणती बाई काय सांगते? पाणी गार घे, आणि नाकाला झोंबेपर्यंत फेस. गार का? कारण उकळत्या पाण्यात ते विकर मरतं, आणि मग कितीही फेसा, हाती येतो नुसता कडवट चोथा. झोंबेपर्यंत का? कारण जितके पडदे फाटतील तितका झणका. नुसत्या पाण्यात ठेवलं तर काही तासांत तो ओसरतो. आंबट घातलं की त्याचं मोडणं मंदावतं, म्हणून दही-लिंबाच्या संगतीत तो जास्त टिकतो.

आणि फोडणी? तिथे तर उलटीच तऱ्हा. तापल्या तेलात दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, साल फाटते, दाणा तडतडतो. पडदे फाटले, सगळं झालं. पण तोवर आतलं विकर उष्णतेने संपलेलं असतं, साखर कापायला कुणी उरलेलंच नसतं. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. एकाच डब्यातली एकच मोहरी पोह्यांत निमूट आणि कोशिंबिरीत नाकात! कैरीच्या लोणच्याला मोहरीची डाळ लावून फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओतायची, हा नियम तर घरोघरी पाळला जातो. गरम ओतली तर डाळीतलं विकर मरेल, झणका जाईल. शिवाय हे द्रव्य जंतूंनाही जड जातं, त्यामुळे लोणचं टिकायला त्याचाही हातभार लागतो. मायरोसिनेज हा शब्द कानावर न पडताही कित्येक पिढ्यांनी त्याला हवं तिथे जिवंत ठेवलं आणि हवं तिथे मारलं.

इथवरची गोष्ट दाण्याची. पण मोहरीची खरी करामत बघायची तर ती पेरली पाहिजे, आणि त्यासाठी शेत लागत नाही. वीतभर खोल कुंडी, निचरा होणारी माती, तीत तिसरा हिस्सा कंपोस्ट आणि चार-पाच तास ऊन एवढं पुरतं. मोहरी हे रब्बीचं पीक. तिला थंडी हवी, म्हणून महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पेरावी. उन्हाळ्यात पेरलीत तर पानं धरायच्या आतच ती फुलायची घाई करते. बी कुठून आणायचं? वाण्याकडची मोहरी भाजलेली किंवा फार जुनी नसेल तर बहुधा उगवतेच. हजार दाण्यांचं वजन साधारण ३ ते ५ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या पुडीत २० हजार तरी दाणे असतात. एवढी रोपं तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरही मावायची नाहीत. चिमूटभर पेरा.

पेरण्याआधी थोडे दाणे ओल्या टिश्यू पेपरवर, वर झाकण घालून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साल फाटून पांढरं मूळ बाहेर येतं आणि त्याभोवती कापसासारखी लव दिसते. पुष्कळ जण इथेच ‘बुरशी लागली’ म्हणून सगळं टाकून देतात. थांबा, जरा पाण्याचा फवारा मारा. लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली तर ती बुरशी नव्हे, ते मूलरोम. एकेक केस म्हणजे एकच पेशी, लांब ताणलेली, मातीच्या कणांमधल्या फटींतून पाणी ओढायला निघालेली. कुंडीत हे कधी दिसत नाही, कारण उपटताना ते तुटून मातीतच राहतात.

भिजलेल्या दाण्याची साल नखाने अलगद काढून भिंगाखाली धरलीत तर आणखी एक नवल दिसेल. आत पिठूळ गर जवळजवळ नाहीच. आहे ते अख्खं रोप. दोन दलं एकमेकांच्या कुशीत दुमडलेली आणि त्यांच्या घडीत वळून बसलेलं इवलंसं मूळ. हे रोप आपल्या आईच्या शेंगेत असतानाच पुरं घडलेलं आहे, आता फक्त पाणी पिऊन उलगडायचं. म्हणून तर अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर पेरलेली मोहरी तीन-चार दिवसांत वर येते.

वर आलेली पहिली दोन पानं अगदी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात. तिसरं पान साफ वेगळं, लांबट, कातरलेल्या कडांचं, लवदार. यातलं एक रोप उपटून लगेच चावून बघा. हिरवं, पाणचट, आणि एवढ्यात... झणका! चार दिवसांच्या पोरीनेही आपला बॉम्ब तयार ठेवलाय. रोपं दाट झाली असतील तर विरळणी करावीच लागते. दोन रोपांत वीतभर नाही तरी चार बोटं अंतर हवं. ही उपटलेली रोपं फेकू नका, चिरून वरणावर किंवा दह्यात घाला.

कुंडी खिडकीत असेल तर एका दिवसात सगळी रोपं काचेकडे मान वळवतात. झाडाला डोळे नाहीत, मग त्याला उजेडाची बाजू कळते कशी? चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस यांच्याबरोबर यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते १८८० मध्ये निघालं आणि त्यातले पहिलेच प्रयोग मोहरीच्या जवळच्या नात्यातल्या कोबीच्या रोपांवरचे आहेत. उजेड शेंड्याला जाणवतो आणि वाकतो मात्र खालचा भाग, म्हणजे मधून काहीतरी निरोप जातो, हे या बापलेकांनी ओळखलं. तो निरोप म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे पुढे कळलं. ते सावलीच्या बाजूला जास्त साचतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि रोप उजेडाकडे झुकतं. कुंडी फिरवून ठेवा, उद्या पुन्हा तेच.

महिनाभरात खालची पानं खुडण्याजोगी होतात. कच्ची चिरली तर झोंबतात, शिजवली तर मवाळ, कारण वर सांगितलंच. पंजाबात हिचा आणि हिच्या बहिणींचा पाला तासन्‌तास शिजवून साग करतात. आपल्याकडे ही भाजी घराघरात रुळलेली नाही, हे मला नुकसानच वाटतं. कांदा-लसूण घालून मुगाच्या डाळीबरोबर ती उत्तम होते. मधलं टोक सोडून कडेची पानं खुडली की झाड पुन्हा पानं धरतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. झणक्यात गंधक आहे, आणि झाड ते हवेतून नव्हे, मातीतून आणतं. गंधक कमी पडलं तर कोवळी पानं फिकट पिवळी पडतात, झणका उतरतो, दाण्यात तेल कमी भरतं. राजस्थानात, जिथे देशातली सर्वांत जास्त मोहरी पिकते, शेतकरी जिप्सम घालतात ते यासाठी. कुंडीला चमचाभर जिप्सम पुरे.

हा गंधकाचा धंदा मोहरी एकटी करत नाही. मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम, बाळंतिणीच्या लाडवातलं अळीव, सगळी एकाच कुळातली, सगळ्यांकडे या बॉम्बचे आपापले नमुने. सिनिग्रिनच्या जातीची द्रव्यं शंभराहून अधिक सापडली आहेत. आणि कुळाबाहेर, पण दूरच्या नात्यात, आणखी दोघं आहेत. त्यांची नावं ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो: शेवगा आणि पपई! खोटं वाटत असेल तर पिकल्या पपईचं एक काळं बी चावून पाहा.

असा कडेकोट बंदोबस्त असल्यावर मोहरीला कीड लागूच नये. पण डिसेंबरात जरा ढगाळ हवा पडू द्या, शेंडे माव्याने भरून जातात. मग बॉम्बचं झालं काय?

झालं असं, की कोट्यवधी वर्षं एकच कुलूप वापरलं की त्याची किल्ली कुणीतरी बनवतोच. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी घ्या. कोबी-फ्लॉवरच्या शेतकऱ्याला ती चांगलीच माहीत आहे. हिच्या पोटात असं एक विकर आहे, की ते सिनिग्रिनच्या टोकाचा गंधकाचा एक भाग आधीच तोडून टाकतं. तुकडा तोडलेलं सिनिग्रिन मायरोसिनेजला ओळखूच येत नाही. वात काढून घेतल्यावर बॉम्ब फुटणार कसा? ही चलाखी २००२ मध्ये उघडकीला आली. पांढऱ्या पिवळसर कोबी-फुलपाखरांच्या अळ्यांनी वेगळीच किल्ली घडवली. त्या बॉम्ब फुटू देतात, पण फुटताना त्याची दिशा वळवून कमी घातक द्रव्य बनवायला लावतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा विष पचायला लागलं की तेच विष पत्ता सांगू लागतं. पतंगाची मादी अंडी घालायला जागा शोधते ती याच वासावर. इतरांसाठी ‘दूर राहा’, हिच्यासाठी ‘या, बसा’! आणि हे कळल्यावर माणसाने त्यावर कडी केली. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची शिफारस आहे, की कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावा, एक कोबीच्या १५ दिवस आधी आणि एक कोबीनंतर २५ दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी सतत हजर राहील. पतंगांना मोहरीचा वास जास्त ओढतो, ते तिकडे अंडी घालतात, कोबी बराचसा वाचतो. शेतकरी याला सापळा पीक म्हणतात. नाशिक-पुण्याकडे कोबीच्या कडेला मोहरीची पिवळी रांग दिसली तर ती शोभेची नसते.

आता माव्याकडे वळू. हा माझा सगळ्यांत आवडता प्राणी, जरी माझ्या कुंडीत मला तो डोळ्यांसमोर नको असला तरी. मावा पान चावतच नाही. सुईसारखी सोंड पेशींच्या मधून सरकवतो, रसवाहिनीला अचूक भोक पाडतो आणि नुसता रस ओढतो. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे बॉम्ब झोपलेलाच. रसातून सिनिग्रिनसारखी द्रव्यं मात्र त्याच्या अंगात जातात. कोबी-मोहरीवर बसणारा, राखेसारखा मेणचट थर असलेला मावा पुढे काय करतो? तो ही द्रव्यं अंगात साठवतो, आणि मायरोसिनेज स्वतःच बनवतो! वनस्पतीकडून घेत नाही, स्वतःच्या शरीरात, डोक्या-छातीच्या स्नायूंत, वेगळं ठेवतो. अर्धं सामान झाडाकडून ढापलेलं, अर्धं घरचं. ढालकिड्याने असा मावा चिरडला की त्याच्या तोंडात मोहरी फुटते. काही जातींच्या ढालकिड्यांच्या अळ्या यामुळे मरतात. मावा स्वतः तर मेलेलाच असतो, मग फायदा कुणाचा? शेजारी बसलेल्या त्याच्या सख्ख्या बहिणींचा. एका मादीने नराशिवायच जन्माला घातलेल्या त्या सगळ्या तिच्याच प्रती असतात. दहा दाणे एकत्र चिकटून बसलेले दिसतात ते सगळं एकच घर.

घरच्या कुंडीत यावर साधे उपाय चालतात. सकाळी पाण्याचा जोराचा फवारा, फार झालं तर शेंडा खुडून टाकणं आणि पाच टक्के निंबोळी अर्क. फुलं आल्यावर मात्र फवारणी टाळा, किंवा संध्याकाळी करा, कारण आता पाहुण्या येणार आहेत.

पेरल्यापासून साधारण दीड महिन्याने मधला दांडा उंच जातो आणि खालून वर फुलत जातो. एक फूल तोडून जवळून बघा. चार पाकळ्या एकमेकींना काटकोनात. आत सहा पुंकेसर, पण सारखे नाहीत. चार उंच, दोन बुटके, बुटके दोन्ही बाजूंना एकेक. कोबी, मुळा, अळीव, सगळ्यांच्या फुलात हीच मांडणी. कुळाची खूणच ती, नवख्यालाही चुकायची नाही. आपल्याला फूल सगळीकडे एकसारखं पिवळं दिसतं. मधमाशीला अतिनील किरणही दिसतात, आणि मोहरीच्या जवळच्या नात्यातल्या सरसूच्या फुलाच्या पाकळ्यांची टोकं ते परतवतात, बुडाचा भाग ते शोषून घेतो. त्यामुळे आपल्याला सपाट दिसणाऱ्या त्या फुलाच्या मधोमध तिला चक्क गडद लक्ष्य दिसतं. तुमच्या गॅलरीत फुलोरी माशी किंवा सातेरी आली तर ती फुलाच्या मध्यावर कशी नेमकी उतरते ते बघा. माशी नाही आली तरी मोहरी बरीचशी स्वतःच फळते, पण येऊन गेली तर शेंगा जास्त भरतात.

जिथे एकही माशी नाही अशा ठिकाणीही हे फूल फुललं आहे. १९९७ मध्ये मीर या रशियन अंतराळस्थानकावर अंतराळवीर मायकेल फोल यांनी सरसूच्या जातीची रोपं वाढवली. फुलांना हाताने परागकण लावले, शेंगा धरल्या, त्यातलं बी पुन्हा पेरलं आणि तेही उगवलं. त्याच मुक्कामात, २५ जूनला, एक मालवाहू यान स्थानकावर आदळलं होतं, हवा गळत होती, वीज गेली होती. तरीही अवकाशात बीपासून बीपर्यंत एक फेरी पुरी झाली.

सरसू, मोहरी, काळी मोहरी, ही गुंतागुंत सोडवली ती एका विलक्षण माणसाने. वू जांग-चुन, बाप कोरियन, आई जपानी, जन्म १८९८ चा, टोकियोतला. जपानी पद्धतीने नागाहारू यू या नावाने त्यांनी १९३५ मध्ये एक निबंध छापला आणि त्यातला त्रिकोण आजही जगभर त्यांच्या नावाने शिकवला जातो. तीन मूळ जाती: सरसू-सलगमची, काळ्या मोहरीची आणि कोबीची. त्यांची गुणसूत्रं अनुक्रमे २०, १६ आणि १८. आणि आपल्या डब्यातल्या मोहरीची? ३६. वीस अधिक सोळा! म्हणजे कधीतरी सरसूच्या फुलावर काळ्या मोहरीचे परागकण पडले, किंवा उलटं. अशी संकरित संतती सहसा वांझ निघते, कारण गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाहीत. इथे एका चुकीने सगळा संच दुप्पट झाला, प्रत्येकाला जोडी मिळाली आणि एक नवी जात उभी राहिली. दोन झाडांचं मिळून एक अख्खं झाड. फोडणीत आपण तडतडवतो ते हे. यू यांनी याच रीतीने सरसू आणि कोबी यांचा संकर करून कॅनोलाची जात स्वतः पुन्हा घडवून दाखवली, म्हणजे हिशेब नुसता कागदावरचा नव्हता.

फुलं गळली की बारीक उभ्या शेंगा दिसतात. ही वाटाण्यासारखी शेंग नव्हे. हिला दोन झडपा असतात, मधे कागदासारखा पातळ पडदा आणि त्या पडद्याच्या दोन्ही कडांना दाणे. वाळताना झडपांच्या शिवणीवरच्या पेशींचा एक थर मुद्दाम कमकुवत होत जातो. मग वाऱ्याने, बोटाने, कशानेही झडपा सुटतात आणि दाणे उधळतात. जंगलात हे हुशारीचं, शेतात नुकसानीचं. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात २००० साली याला जबाबदार जीन्स सापडले. ते बंद केले की शेंग फुटतच नाही, म्हणून संशोधकांनी त्यांचं नावच ‘शॅटरप्रूफ’ ठेवलं. घरी एवढं करायला नको. बहुतेक शेंगा पिवळ्या झाल्या की सकाळी, दव असताना, दांडे कापा, कागदी पिशवीत उलटे टांगा, वाळल्यावर पिशवी चोळा. एका कुंडीत वर्षाची मोहरी होत नाही. हौशीपुरती होते, आणि पुढच्या पेरणीला उरते.

आता कुंडीतली माती. ती कुठून आणता ते सांभाळा. मोहरी मातीतलं शिसं, कॅडमियम ओढून अंगात भरते, आणि इतकं ओढते, की प्रदूषित जमीन साफ करायला तिचा उपयोग करण्याचे प्रयोग १९९० च्या दशकापासून होत आहेत. इथेही कामाला येतं ते गंधकच. गंधक असलेल्या लहान प्रथिनसदृश साखळ्या हे धातू पकडून बंदिस्त करतात, म्हणून झाड स्वतः तगून राहतं. पण तुम्ही ते पान खाल्लंत तर शिसं तुमच्या पोटात. रस्त्याकडेची, बांधकामाची, जुन्या रंगाचे पोपडे पडलेली माती पालेभाजीला वापरू नका.

सगळीच रोपं शेंगांपर्यंत नेऊ नका, हे शेवटचं. बियांसाठी दोन-तीन ठेवा. बाकीची फुलं उमलू लागताच उपटून बारीक चिरा, लगेच मातीत मिसळा, पाणी घाला आणि वरून प्लॅस्टिक टाकून दोन आठवडे झाकून ठेवा. कापलेल्या पेशींतून तोच झणका आता मातीत सुटतो आणि काही बुरशी, काही सूत्रकृमी दबतात. शेतात माती निर्जंतुक करायला मेटाम सोडियम नावाचं रसायन वापरतात, त्यातूनही याच घराण्यातला वायू सुटतो. नंतर माती आठवडाभर उघडी ठेवून तिच्यात मिरची किंवा वांगं लावा. कोबी, मुळा, नवलकोल मात्र त्या कुंडीत इतक्यात नकोत, मोहरीच्या वासावर आलेली मंडळी अजून आसपासच असतात.